झोप लागण्यासाठी योगाभ्यास : संध्याकाळपासून अंथरुणापर्यंत

मराठीत झोप ‘लागते’. आपण झोप काढतो, झोप घेतो, एखाद्याची झोपमोडही करतो. पण भूक आणि तहान यांच्याप्रमाणे झोपही आधी लागावी लागते, ती हुकूम करून आणता येत नाही. ज्यांना रात्रीमागून रात्री अंथरुणात कूस बदलत काढाव्या लागतात त्यांची अडचण नेमकी येथे असते. दिवा मालवला की ते झोपण्याचा प्रयत्न करू लागतात, प्रयत्न म्हटला की यशापयशाची काळजी आली, आणि त्या काळजीने मन अधिकच जागे होते. योगाभ्यास उपयोगी पडतो तो या ठिकाणी. पतंजलींनी योगसूत्रांत ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे जे स्थिर आणि सुखद ते आसन, अशी आसनाची व्याख्या केल्यानंतर लगेच पुढच्या सूत्रात ते साधण्याचा पहिला उपाय सांगितला आहे, तो प्रयत्नशैथिल्याचा, म्हणजे लावलेला जोर सैल सोडण्याचा. झोपेआधीचा सगळा अभ्यास या एका शब्दाभोवती रचायचा आहे, आणि पुढे दिलेली प्रत्येक कृती करताना तो शब्द आठवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

योगाने नेमके काय बदलते

झोपेमागे मुख्यतः दोन यंत्रणा असतात. जागेपणाच्या प्रत्येक तासाबरोबर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि जसजसे ते साठते तसतशी झोपेची ओढ वाढते. कॅफीन याच द्रव्याची मेंदूतील जागा अडवते, म्हणून संध्याकाळच्या कॉफीने झोप उडते. दुसरी यंत्रणा म्हणजे मेंदूतील सुमारे २४ तासांचे घड्याळ. ते प्रामुख्याने उजेडावर लावले जाते, आणि त्याच्याच इशाऱ्याने रात्री मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक स्रवू लागते व शरीराचे आतले तापमान उतरू लागते. आसने व प्राणायाम या दोहोंची जागा घेऊ शकत नाहीत. दुपारी दोन तास झोपलेल्या आणि रात्री प्रखर उजेडात बसलेल्या माणसाने कितीही वेळ शवासन केले तरी त्याला झोप उशिराच लागेल, हे आधीच सांगितलेले बरे.

योगाचा परिणाम होतो तो तिसऱ्या गोष्टीवर. निद्रानाश असलेल्या पुष्कळांच्या बाबतीत झोपेची ओढ पुरेशी असूनही शरीर पहाऱ्यावर असल्यासारखे सावध राहते. नाडी जलद असते, जबडा व खांदे आवळलेले असतात, श्वास उथळ आणि छातीच्या वरच्या भागात चालतो, आणि मनात उद्याच्या कामांची उजळणी सुरू असते. ही शरीराला धोक्यासाठी सज्ज ठेवणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेची सावधता आहे. तिला उतरवणारी परानुकंपी चेतासंस्था इच्छेच्या आज्ञेत नसली, तरी श्वासाच्या वाटेने तिच्यापर्यंत पोहोचता येते. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि श्वास सोडताना किंचित मंदावते, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस चेतातंतूचा हृदयावरील लगाम अधिक प्रभावी होतो. उच्छ्वास जितका सावकाश आणि लांब, तितका हा लगाम जास्त वेळ टिकतो. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. हा वेग सहाच्या आसपास आणला की हृदय, रक्तदाब आणि श्वास यांचा मेळ अधिक चांगला जमतो, असे शरीरशास्त्रीय प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे.

प्रत्यक्ष झोपेवर काय फरक पडतो, याच्याही नोंदी आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात वृद्धाश्रमातील ६९ रहिवाशांचे तीन गट करून त्यांची सहा महिने पाहणी करण्यात आली. ज्या गटाने आसने, नियमित श्वसन आणि शिथिलीकरण यांचा अभ्यास केला, त्यांना झोप लागायला सरासरी सुमारे १० मिनिटे कमी लागू लागली आणि एकूण झोप सुमारे एका तासाने वाढली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत कर्करोगाचे उपचार पूर्ण केलेल्या ४१० जणांचा समावेश होता. त्यांतील योगाच्या गटाने चार आठवडे, आठवड्यातून दोनदा ७५ मिनिटे सौम्य योगवर्ग केल्यावर त्यांची झोप सुधारली आणि झोपेच्या औषधांचा वापर कमी झाला. पहिल्या अभ्यासातील आकडे सहभागी व्यक्तींनी स्वतः सांगितलेले आहेत, हे विसरू नये. तरीही ज्याला झोप हवी आहे त्याच्यासाठी ‘मला लवकर झोप लागली आणि सकाळी ताजेतवाने वाटले’ ही नोंद क्षुल्लक नसते.

कोणता अभ्यास केव्हा करावा

सर्वांत जास्त चुका वेळेच्या बाबतीत होतात. योग झोपेला पोषक आहे असे ऐकून अनेक जण रात्री दहा वाजता सूर्यनमस्कार घालतात किंवा कपालभाती करतात, आणि मग डोळे टक्क उघडे राहिले की योगाला दोष देतात. सूर्यनमस्कार, उभ्याने करायची जोरकस आसने, धनुरासन आणि चक्रासन यांसारखी मागे वाकण्याची आसने, तसेच कपालभाती व भस्त्रिका यांचे काम शरीर जागवण्याचे आहे. ती सकाळी करावीत, शक्य झाल्यास उजेडात किंवा खिडकीजवळ, म्हणजे मेंदूतील घड्याळालाही दिवस सुरू झाल्याची सूचना मिळते. सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी करावीत. मात्र ती संपणे आणि झोपणे यांत किमान दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे. सकाळचा हा अभ्यास रात्रीच्या झोपेसाठी अनावश्यक समजू नये. दिवसभर बसून राहिलेल्या शरीराला रात्री विश्रांतीची ओढ कमी वाटते, आणि ही उणीव रात्रीची सौम्य आसने भरून काढू शकत नाहीत.

रात्रीच्या अभ्यासाला २५ ते ३० मिनिटे पुरतात. जेवणानंतर दोन-तीन तास गेलेले असावेत. खोलीतील मोठा दिवा बंद करून मंद उजेड ठेवावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि उद्याची कामे मनात घोळत असतील तर अभ्यासाआधीच ती कागदावर उतरवून कागद मिटून ठेवावा. साहित्य म्हणून एक सतरंजी किंवा योगा मॅट, दोन उशा, एक लोड आणि एक-दोन चादरी एवढे पुरे. उशांचा आधार घेणे हे कच्च्या अभ्यासाचे लक्षण आहे असा काहींचा समज असतो. रात्रीच्या अभ्यासात हा समज सोडून द्यावा. आधारामुळेच स्नायूंना जोर सोडण्याची मुभा मिळते.

रात्रीची आसने

सुरुवातीला दोन मिनिटे आरामात बसून श्वास जसा चालला आहे तसा पाहावा. नंतर हात आणि गुडघे जमिनीवर टेकून मार्जारासन करावे. श्वास सोडत पाठ वर गोलाकार न्यावी व हनुवटी छातीकडे आणावी. श्वास घेत पाठ अलगद खाली सोडून नजर समोर न्यावी. अशी सहा ते आठ आवर्तने सावकाश केल्यावर दिवसभर आखडलेला कणा मोकळा होतो आणि हालचालीला श्वासाची सोबत करण्याची सवय लागते.

त्यानंतर शशांकासन. वज्रासनात बसून गुडघे दूर करावेत, दोन्ही मांड्यांच्या मध्ये लोड जमिनीवर समोरच्या दिशेने लांब ठेवावा आणि पुढे वाकून छाती, पोट व एक गाल त्यावर टेकवावा. दीड मिनिटाने मान सावकाश फिरवून दुसरा गाल टेकवावा. नितंब टाचांपर्यंत पोहोचत नसतील तर मध्ये चादरीची घडी ठेवावी. गुडघे दुखत असतील तर हे आसन जमिनीवर न करता खुर्चीवर बसून समोरच्या टेबलावर हातांची घडी व त्यावर कपाळ टेकवले तरी चालते, आणि त्याचा गुण कमी येत नाही.

पश्चिमोत्तानासनाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण हे आसन बहुतेकांनी पायांचे अंगठे पकडण्याची परीक्षा म्हणून शिकलेले असते. रात्री ते तसे करू नये. पाय पसरून बसावे, गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर ठेवून गुडघे थोडे वाकलेलेच राहू द्यावेत, मांड्यांवर एक-दोन उशा रचाव्यात आणि त्यांवर कपाळ टेकेल इतकेच पुढे झुकावे. मांडीच्या मागे ओढ जाणवली तर उशांची उंची वाढवावी; ओढ संपली की आसन बरोबर झाले असे समजावे. या स्थितीत दोन ते तीन मिनिटे राहिल्यावर श्वास पाठीच्या बाजूला पसरतो आहे असे जाणवू लागते. कण्यातील चकतीचा त्रास असणाऱ्यांनी हे आसन वगळावे.

मग पाठीवर पडून पवनमुक्तासन, आधी एकेका पायाने आणि नंतर दोन्ही पायांनी, आणि दोन्ही गुडघे एका बाजूला टेकवून केलेला सौम्य पीळ, प्रत्येक बाजूला एक मिनिट. यांत शिकण्यासारखे फारसे काही नाही. घाई मात्र करू नये.

रात्रीच्या आसनांपैकी एकच निवडायचे झाले तर मी भिंतीच्या आधाराने केलेली विपरीत करणी निवडेन. परंपरेतील विपरीत करणीत कंबर हातांवर तोलून धरली जाते. येथे सांगितलेला प्रकार त्याहून पुष्कळ सोपा आहे. भिंतीला एका बाजूचा नितंब लागेल असे आडवे बसावे आणि पाठीवर पडता पडता दोन्ही पाय वळवून भिंतीवर टेकवावेत. मांडीच्या मागे ताण येत असेल तर भिंतीपासून वीतभर मागे सरकावे. कंबरेखाली चादरीची पातळ घडी, डोक्याखाली लहान उशी, हात बाजूला सैल आणि डोळे मिटलेले, असे पाच ते दहा मिनिटे राहावे. पायांतील रक्त सहज परत येते, कंबरेचे स्नायू सैल होतात, आणि धरून ठेवण्यासारखे काहीच उरत नसल्यामुळे प्रयत्नशैथिल्य म्हणजे काय ते येथे अंगाला कळते. पावलांना मुंग्या आल्या तर गुडघे वाकवून तळवे एकमेकांना जोडावेत. ज्यांना हेही अवघड जाईल त्यांनी जमिनीवर पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात. उठताना गुडघे वाकवून आधी कुशीवर यावे, दोन-चार श्वास थांबावे आणि मगच बसावे, म्हणजे चक्कर येत नाही.

श्वासाचा अभ्यास

बसून किंवा पडून, नाकाने, चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. एक अंक साधारण एका सेकंदाचा धरला तर दहा सेकंदांत एक श्वास होतो, म्हणजे मिनिटाला सहा. पाच मिनिटे पुरेशी आहेत. श्वास भरून घेताना पोट वर यावे आणि छाती जवळजवळ स्थिर राहावी. जर सहा अंकांपर्यंत पोहोचताना घुसमट वाटली आणि पुढचा श्वास घाईने ओढावा लागला, तर प्रमाण तीन-चार असे कमी करावे. घुसमटीने शरीर पुन्हा सावध होते आणि हेतूच फसतो. याच कारणासाठी रात्री कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, करू नये. काही दिवसांनी आकडे मोजणेही सोडून द्यावे आणि केवळ उच्छ्वास लांबतो आहे एवढे लक्षात ठेवावे.

ज्यांचे मन श्वास मोजतानाही विचारांत भरकटते त्यांना भ्रामरी अधिक मानवते. ओठ मिटलेले व दात किंचित विलग ठेवून श्वास घ्यावा आणि सोडताना भुंग्यासारखा मृदू गुंजारव करावा. गुंजारव करताना उच्छ्वास आपोआप लांबतो, आणि कपाळात व जबड्यात जाणवणाऱ्या कंपनांमुळे लक्षाला धरायला काहीतरी मिळते. पाच ते सात आवर्तने करावीत व आवाज शेजारच्या खोलीत जाणार नाही इतका हलका ठेवावा.

शवासन आणि योगनिद्रा

पंधराव्या शतकातील हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात शवासनाला थकवा हरण करणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे म्हटले आहे. दिवसाच्या अभ्यासात ते जमिनीवर करणे योग्यच आहे. रात्री मात्र ते थेट अंथरुणात करावे, असे माझे मत आहे, कारण जमिनीवर आलेली गुंगी उठून पलंगापर्यंत जाताना मोडते. गुडघ्यांखाली उशी ठेवावी, पाय एकमेकांपासून दूर, हात शरीरापासून थोडे लांब आणि तळवे वरच्या बाजूला असावेत, अंगावर चादर घ्यावी.

आता लक्ष शरीरावरून ठरलेल्या क्रमाने फिरवायचे आहे. उजव्या हाताचा अंगठा, मग एकेक बोट, तळवा, मनगट, कोपर, खांदा, काख, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, टाच, तळपाय आणि पायाची बोटे. नंतर हाच क्रम डाव्या बाजूने. मग पाठ, पोट, छाती, गळा, जबडा, जीभ, डोळे आणि कपाळ. त्या त्या भागाचे नाव मनात घ्यावे, त्याची जाणीव होऊ द्यावी आणि पुढे जावे. तो भाग शिथिल झाला की नाही, हे तपासत बसू नये. विसाव्या शतकात स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी योगनिद्रेची जी पद्धत बांधली, तिच्यात लक्षाची ही फेरी महत्त्वाची आहे. मात्र तेथे साधकाला झोपू नये असे बजावले जाते, कारण त्या अभ्यासाचा उद्देश जाग आणि झोप यांच्या सीमेवर सजग राहणे हा असतो. रात्री आपला उद्देश वेगळा असल्यामुळे फेरी अर्धी राहून झोप लागली तर ती लागू द्यावी. मध्येच मन दुसरीकडे गेले तर जेथपर्यंत आठवते तेथून पुढे सुरू करावे, पहिल्यापासून नव्हे.

मध्यरात्री जाग आली तर

रात्री एक-दोनदा जाग येणे स्वाभाविक आहे. झोपेची आवर्तने साधारण ९० मिनिटांची असतात आणि त्यांच्या सांध्यावर झोप पातळ होते. अशा वेळी घड्याळ पाहू नये, कारण किती तास उरले याचा हिशोब सुरू झाला की मन पूर्ण जागे होते. कुशीवर वळून चार-सहाच्या प्रमाणात श्वास घ्यावा. अंदाजे वीस मिनिटांत झोप परत लागली नाही, तर अंथरुणातून उठून मंद उजेडात खुर्चीवर बसावे, भ्रामरीची काही आवर्तने करावीत किंवा नुसते शांत बसावे, आणि डोळे जड झाल्यावरच परत यावे. अंथरुणात तासन्‌तास जागे पडून राहिल्याने अंथरूण आणि तगमग यांची सांगड मनात पक्की होत जाते. ती मोडण्यासाठी हे उठणे आवश्यक असते.

कोणी काळजी घ्यावी

काचबिंदू, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा डोळ्याच्या पडद्याचे विकार असणाऱ्यांनी पाय वर करण्याची व डोके खाली नेण्याची आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. छातीत जळजळ होण्याचा त्रास असेल तर सपाट पडण्याऐवजी पाठीखाली उतरता लोड घ्यावा. गरोदरपणाच्या नंतरच्या महिन्यांत पाठीवर फार वेळ न पडता डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी ठेवून शवासन करावे आणि पीळ देणे टाळावे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की काही त्रासांवर योग हा उपाय नसतो, आणि त्यांची तपासणी लांबणीवर टाकल्याने नुकसान होते. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबल्याचे घरच्यांच्या लक्षात येणे आणि दिवसा अनावर पेंग येणे ही स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या विकाराची, लक्षणे असू शकतात. रात्री पाय सतत हलवावेसे वाटणे, किंवा पहाटे लवकर जाग येऊन मन खिन्न राहणे, यांसाठीही डॉक्टरांना भेटावे. आठवड्यातून किमान तीन रात्री झोपेची तक्रार आहे आणि ती तीन महिन्यांहून जास्त काळ टिकली आहे, अशा अवस्थेला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. त्यावर सीबीटी-आय नावाची वर्तनोपचार पद्धती हा पहिल्या पसंतीचा उपचार मानला जातो आणि योगाभ्यास तिच्या जोडीने करता येतो. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर बरे वाटू लागल्यावरही त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत. मात्रा कमी करण्याचे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

किती दिवस वाट पाहावी

पहिल्याच रात्री गाढ झोप लागली तर आनंदच आहे, पण अपेक्षा चार ते आठ आठवड्यांची ठेवावी. रोज सकाळी वहीत दोनच ओळी लिहाव्यात, रात्री अभ्यास झाला का आणि उठल्यावर कसे वाटले, आणि त्या ओळी महिन्याने एकत्र वाचाव्यात. मनगटावरील घड्याळाने दिलेले झोपेचे गुण रोज पाहणाऱ्यांना मी काही आठवडे ते घड्याळ रात्री काढून ठेवण्यास सांगेन, कारण झोपेची परीक्षा घेणे हा झोपेआधी सोडून द्यायच्या प्रयत्नाचाच एक प्रकार आहे. एखाद्या रात्री अर्ध्या तासाची सवड नसेल तर भिंतीशी पाच मिनिटे पाय वर आणि अंथरुणात वीस सावकाश उच्छ्वास एवढेच करावे. आणि सगळे करूनही एखादी रात्र कोरडी गेली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्याच वेळी उठावे, दुपारी झोपून भरपाई करू नये, आणि संध्याकाळी पुन्हा सतरंजी अंथरावी.